गर्श्विन जॅझवाला का क्लासिकलवाला? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात मी जॉर्ज गर्श्विनवर एक पान लिहिलं होतं. ज्यांच्याकडून ते सुटलं त्यांच्यासाठी थोडक्यात: रशियातून आलेल्या ज्यू आईवडलांचा हा मुलगा १८९८ साली ब्रुकलिनमध्ये जन्मला, नाटकांसाठी गाणी करता करता जॅझचा बाज घेऊन मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहायला लागला (त्यातली सगळ्यात गाजलेली रचना म्हणजे 'रॅप्सडी इन ब्लू') आणि ३८ व्या वर्षी गेलासुद्धा. त्यावर बरेच प्रश्न आलेत. सारखे होते ते एकत्र केलेत, भांडणारे होते ते जसेच्या तसे ठेवलेत कारण तेच वाचायला मजा येते.

ताई, मी राजेंद्रनगरला तबला शिकतो. 'रॅप्सडी इन ब्लू'च्या सुरुवातीला क्लॅरिनेट जे सरकत सरकत वर जातं ती मींडच ना? मग लोक म्हणतात की हे सगळं लिहिलेलं संगीत आहे ते कसं? आणि हे जॅझ म्हणायचं का क्लासिकल?

कानाला मींडच लागते, बरोबर पकडलंस. पण गर्श्विनने कागदावर मींड लिहिलीच नव्हती, त्याने सतरा सुरांची सरळ चढती तान लिहिली होती, सूर सुटे सुटे. पॉल व्हाइटमनच्या बँडमध्ये रॉस गॉर्मन नावाचा क्लॅरिनेटवाला होता, त्याने तालमीत गंमत म्हणून ती तान अशी काही घसरवत नेली की गर्श्विन म्हणाला हेच ठेव, आणि जमेल तेवढं अजून रडवेलं कर. क्लॅरिनेटला भोकं असतात, सूर मुळात तुटकच येणार, त्यामुळे बोटं पटकन उचलायची नाहीत, भोकावरून हळूहळू बाजूला सरकवायची आणि त्याच वेळी ओठाची पकड सैल-घट्ट करत सूर ओढायचा. लग्नातला सनईवाला जवळून बघितला असशील तर तुला हे लगेच कळेल.

आता तबलेवाल्यासाठी खास गोष्ट. 'रॅप्सडी' पहिल्यांदा वाजली तो व्हाइटमनचा कार्यक्रम १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये दुपारी झाला. आपण त्यासाठी काहीतरी लिहितोय हे गर्श्विनला जानेवारीच्या सुरुवातीला पेपरात छापून आलं तेव्हा कळलं, म्हणजे व्हाइटमनने परस्पर जाहीर करून टाकलं होतं! हातात जेमतेम पाच आठवडे. बॉस्टनच्या ट्रेनमध्ये रुळांच्या खडखडाटात त्याला अख्खा आराखडा सुचला असं तो स्वतः सांगायचा. मग हा पियानोवर पानं लिहितोय आणि फर्डी ग्रोफे नावाचा अरेंजर ती पानं उचलून बँडसाठी वाटून लिहितोय, असं रोज. तरी पियानोचे काही एकट्याचे तुकडे लिहून झालेच नाहीत. ग्रोफेच्या प्रतीत तिथे फक्त सूचना आहे की मान हलेपर्यंत थांबा. म्हणजे बँड वाद्यं धरून बसलाय, गर्श्विन मनातलं वाजवतोय, आणि त्याने मान हलवली की सगळे एकदम समेवर. त्या दिवशी ते जॅझ होतं बघ.

आज जे वाजतं ते मात्र ठरलेलं असतं, त्यात उपज नाही, म्हणजे जागच्या जागी सुचलेलं काही नाही, आणि उपज नसेल तर मी त्याला जॅझ म्हणणार नाही. बोली जॅझची, बैठक क्लासिकलची. अमेरिकन संगीतकार-कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनने ही रचना आयुष्यभर वाजवली आणि तरी लिहून ठेवलं की ही एकसंध रचना नाहीच, छान छान तुकडे एकापुढे एक चिकटवलेत, मधले काही काढले तरी फरक पडणार नाही. मला हे पटतं. आणि तरी शेवटाकडची ती संथ मोठी धून आली की तक्रार करायचं राहून जातं.

शिकला कोणाकडे? गुरू कोण? पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलाला एवढं येतं कसं? (तिलकनगर, निवृत्त बँक अधिकारी)

काका, गुरू होते. चार्ल्स हॅम्बिट्झर. त्यांनी शोपाँ, लिस्ट, डेब्यूसी हे युरोपचे संगीतकार दाखवले. पण खरी शाळा म्हणाल तर दुकान. घरात पियानो १९१० मध्ये आला तो थोरल्या भावासाठी, आयरासाठी, आणि त्यावर बसला जॉर्ज. आयराने पुढे त्याच्या बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिले, म्हणजे पियानो वाया कोणाचाच गेला नाही. १९१४ मध्ये शाळा सोडून जॉर्ज रेमिक नावाच्या प्रकाशकाकडे आठवड्याला १५ डॉलरवर लागला. तेव्हा रेडिओ नव्हता, गाणं विकायचं म्हणजे छापील नोटेशनचे कागद विकायचे. प्रकाशकाच्या ऑफिसात छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक पियानो आणि एक पोरगा, आणि नाटकवाले-गायक आले की त्याने एकामागून एक गाणी वाजवून दाखवायची, आपल्या इंदूरच्या सीतलामाता बाजारातला दुकानदार कसा साडीवर साडी उलगडून टाकतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याकडे बघत असतो, तसं. बाईचा आवाज खालचा आहे? लगेच पट्टी बदल. तिला कंटाळा येतोय? दुसरं कडवं उडवून मुखड्यावर ये. दिवसभर हेच. कोणत्या ठिकाणी माणसाचा कान टवकारतो हे असं रोज बघून कळतं, पुस्तकातून नाही.

आणि गंमत म्हणजे नाव झाल्यावरही त्याची शिकायची हौस गेली नाही, जो भेटेल त्याला शिकवा म्हणायचा. १९२८ मध्ये फ्रेंच संगीतकार राव्हेल न्यूयॉर्कला आला होता, त्याने नकार दिला, म्हणाला उगाच तुमचा सहजपणा जाईल आणि दुय्यम दर्जाचं राव्हेल लिहायला लागाल. पॅरिसला संगीत शिकवणाऱ्या नादिया बूलाँजे बाईंनीही नाही म्हटलं. शेवटी तिशीतल्या या प्रसिद्ध माणसाने जोसेफ शिलिंगर नावाच्या गणिती डोक्याच्या शिक्षकाकडे काही वर्षं वह्या भरल्या. राव्हेलचं म्हणाल तर त्याच्या नंतरच्या जी मेजर पियानो कॉन्चेर्टोत (कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि साथीला ऑर्केस्ट्रा) जॅझचे सूर स्पष्ट ऐकू येतात, त्यामुळे कोणी कोणाकडून घेतलं ते तुम्हीच ठरवा.

स्पष्ट लिहितो. संगीत कृष्णवर्णीय लोकांचं, पैसा आणि नाव गोऱ्या माणसाचं. तुम्ही अख्खं पान कौतुकात घालवलंत, याबद्दल एक ओळ नाही. (रामबाग)

मग आज सविस्तर बोलू. त्याचं पहिलं तुफान चाललेलं गाणं 'स्वानी', १९१९ चं. ते गाजवलं अल जॉल्सनने, आणि हा गोरा जॉल्सन स्टेजवर कृष्णवर्णीयाचं सोंग म्हणून तोंडाला काळं फासून गायचा. म्हणजे गर्श्विनचा पहिला मोठा पैसा तिथून आला, हे झाकायचं कारण नाही.

दुसरी बाजू बघा. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत जेम्स पी. जॉन्सन नावाचा जबरदस्त पियानिस्ट होता, गर्श्विन त्याला ओळखायचा, ऐकायला जायचा, आणि त्या मंडळींच्या डाव्या हाताची धाटणी त्याच्या वाजवण्यात आहे हे कोणीही सांगेल. याच जॉन्सननेही पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी रॅप्सडी लिहिली, 'यामेक्रॉ', ती १९२८ मध्ये कार्नेगी हॉलला झाली, सोलोवर फॅट्स वॉलर. आता मला सांगा, इंदूर जाऊ द्या, न्यूयॉर्कमध्ये तरी आज किती जणांना हे नाव माहीत असेल? त्यामुळे चोरी हा शब्द मी वापरणार नाही, पण एकाला दार उघडं होतं आणि दुसऱ्याला फटीतून आत यावं लागलं, हे तर खरंच.

'पोर्गी अँड बेस' हे त्याचं १९३५ चं ऑपेरा, चार्ल्सटनच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीची गोष्ट. त्यासाठी १९३४ च्या उन्हाळ्यात तो दक्षिण कॅरोलायनातल्या फॉली बेटावर जाऊन राहिला, तिथल्या चर्चमधलं गाणं ऐकायला जायचा आणि म्हणे त्यांच्यात मिसळून गायचाही. जॉल्सनला या गोष्टीवर परत तोंडाला काळं फासून नाटक करायचं होतं, पण गर्श्विनने कृष्णवर्णीय गायकांचाच संच घेतला, टॉड डंकन, ॲन ब्राउन. ब्रॉडवेवर १२४ प्रयोग झाले, जे ऑपेराच्या मानाने खूप आणि ब्रॉडवेच्या हिशेबात तोट्याचे. १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रयोग होते, तिथे कृष्णवर्णीयांना प्रेक्षकांत बसू देत नसत. डंकन आणि ॲन ब्राउन अडून बसले की असं असेल तर आम्ही गाणार नाही, आणि थिएटरला त्या प्रयोगांपुरतं नमतं घ्यावं लागलं. हे श्रेय गायकांचं आहे, संगीतकाराचं नाही, लोक सरसकट त्याच्या खात्यात टाकतात.

आणि तरी त्या कथेत जुगार, खून, गांजलेपण, तुटकी बोली एवढंच काय ते आमचं आयुष्य का, असं विचारणारे कृष्णवर्णीय कलावंत पहिल्यापासून होते, अजून आहेत. मला संगीत फार आवडतं, कथा बघताना मात्र मी जरा चुळबुळतेच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला हे स्टेजवर आणायला १९८५ उजाडलं, यावरून काय ते समजा.

सुरुवात कुठून करू? मला फक्त भावगीतं आणि लताबाई कळतात. (सुदामानगर)

मग गाण्यांपासूनच. एला फिट्झगेराल्डने १९५९ मध्ये गर्श्विन बंधूंच्या गाण्यांचा मोठा संच केला, त्यातलं 'समवन टू वॉच ओव्हर मी' लावा, शब्द सगळे नाही कळले तरी चालतील. मग 'समरटाइम', एला आणि लुई आर्मस्ट्राँग एकत्र. ही पोर्गीतली अंगाई आहे. आई बाळाला सांगतेय की तुझा बाप श्रीमंत, तुझी आई देखणी, आणि वस्तीत तर खायची भ्रांत! बिली हॉलिडेचं १९३६ चं बघा, जॅनिस जॉप्लिनचं १९६८ चं बघा, चाल तीच आणि बाई प्रत्येक वेळी वेगळीच. ऑर्केस्ट्राकडे यायचं असेल तर 'ॲन अमेरिकन इन पॅरिस', त्यात टॅक्सीचे खरे भोंगे वाजतात, गर्श्विनने पॅरिसहून विकत आणले होते. कॉन्चेर्टो इन एफ नंतर ऐका, घाई नाही.

खरं सांगू, माझ्या मते त्याची गाणी त्याच्या ऑर्केस्ट्राच्या कामापेक्षा मोठी आहेत. यावरून मला पत्रं येणार आहेत, येऊ देत.

इतक्या कमी वयात कशाने गेला?

मेंदूतल्या गाठीने. १९३७ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसला वाजवताना मधेच काही क्षण हरवला, मग डोकेदुखी, आणि जळक्या रबराचा वास येतोय म्हणायचा. बरेच दिवस सगळे ताण-ताण म्हणत राहिले. जुलैत बेशुद्ध पडला, ऑपरेशन झालं, ११ जुलैला गेला. आयरा १९८३ पर्यंत होता.

आपल्या हिंदी पिक्चरच्या गाण्यांत गर्श्विन आहे का? भिया, कुठलं गाणं ढापलंय तेवढं सांगा.

भिया नाही, ताई. आणि ढापाढापीची यादी माझ्याकडे मिळणार नाही, कारण थेट गर्श्विन शोधायला गेलात तर हाताला फार काही लागत नाही. जे आलं ते स्विंगच्या, म्हणजे नाचायच्या जॅझच्या, त्या सगळ्या लाटेतून आलं. १९३५ मध्ये लिओन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन बँडलीडर आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजला आला, मागून टेडी वेदरफोर्ड आला, आणि त्यांच्याकडे बघत-ऐकत गोव्याची वादक मंडळी तयार झाली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा फिल्मच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, तेच ट्रम्पेट, तोच सॅक्सोफोन.

आणि ती मंडळी हाताशी धरून कोणी धमाल केली, तर आपल्या सी. रामचंद्रांनी. पुणतांब्याचे चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतलेले, आणि ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांच्या सोबत. 'अलबेला' १९५१, 'शोला जो भडके' ऐका. मग १९५७ चं 'ईना मीना डीका', आणि ते गाणारा किशोर म्हणजे आपल्या ख्रिश्चन कॉलेजचा विद्यार्थी, हे इंदूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. हे लोक जॅझची नक्कल करत नव्हते, त्यांना ती भाषा बोलता येत होती.

उलटा प्रवासही झालाय. जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याने १९५८ मध्ये 'पोर्गी अँड बेस' केलं, गिल एव्हान्सची अरेंजमेंट. त्यात 'आय लव्ह्ज यू, पोर्गी'ला गिलने मला कॉर्ड्स (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) दिलेच नाहीत, फक्त एक स्केल दिली, असं माइल्सने नंतर सांगितलं. स्वरांचा एक संच घ्यायचा आणि त्यातच फिरत राहायचं, आपल्याला हे कोणी शिकवायला नको. पुढच्या वर्षी त्याचं 'काइंड ऑफ ब्लू' आलं ते याच वाटेने. त्याच्यासोबत वाजवणारा सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन पुढे रविशंकरांच्या इतका प्रेमात पडला की मुलाचं नाव रवी ठेवलं.

ताई, मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. विजयनगरला एका कॅफेत आम्ही पोरं जॅम करायला जमतो, तिथे गिटारवाला सारखा म्हणतो 'रिदम चेंजेस' लाव. नेटवर बघितलं तर डोक्यावरून गेलं. साध्या भाषेत सांगाल का?

सांगते, आणि मला विचारशील तर गर्श्विनची खरी इस्टेट हीच आहे. १४ ऑक्टोबर १९३० ला ब्रॉडवेवर 'गर्ल क्रेझी' नावाचं नाटक लागलं, म्हणजे साधारण इकडे यशवंतराव होळकर जर्मन आर्किटेक्टकडून माणिकबाग बांधून घेत होते तेव्हा (हो, तेच, जिथे आता जीएसटीचं ऑफिस आहे). त्यातलं एथेल मर्मनने गायलेलं गाणं 'आय गॉट रिदम'. खाली पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढे वादक बसतात तिथे, वाजवायला कोण, तर बेनी गुडमन, ग्लेन मिलर, जीन क्रुपा, तेव्हा सगळे पोरसवदा.

सा कुठलाही धर. खालच्या सप्तकातले प ध, मग सा रे. झाली पहिली ओळ. दुसरी ओळ तीच उलटी, रे सा, खालचे ध प. भूपातले सूर, बस्स. पण प्रत्येक सूर दीड-दीड मात्रेचा आणि सुरुवात समेवर नाही, थोडी उलटून, म्हणून ते पळतं. सरळ मात्रेवर वाजवून बघ, बालवाडीचं गाणं होतं.

आता बांधणी. आठ बारचा एक भाग, तो दोनदा. मग आठ बारचा वेगळा भाग, ज्याला ब्रिज म्हणतात. मग परत पहिला. स्थायी, स्थायी, अंतरा, स्थायी असं धर. बत्तीस बार, चार-चार मात्रांचे, म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. स्थायीत कॉर्ड पटापट बदलतात, दर दोन मात्रांना, आणि घर सा हेच. खरी मजा अंतऱ्यात. तिथे चारच कॉर्ड, प्रत्येकी दोन बार. पहिला गंधारावर: ग, कोमल ध, नि, रे. दुसरा धैवतावर: ध, कोमल रे, ग, प. तिसरा ऋषभावर: रे, तीव्र म, ध, सा. चौथा पंचमावर: प, नि, रे, म. बघ, पहिल्या तिघांत एकेक परका सूर घुसलाय आणि तो पुढच्या कॉर्डकडे ढकलतो, चौथ्यात सगळे शुद्ध होतात आणि तू साच्या दारात येऊन उभा. हे आधी डाव्या हाताने नुसतं वाजव, उजवा हात खिशात ठेव. कान बसला की पुढे.

आता रिदम चेंजेस म्हणजे काय, तर गाण्याची चाल फेकून द्यायची आणि हा कॉर्डचा सांगाडा तेवढा ठेवायचा. त्यावर नवी चाल बांधायची, नवं नाव द्यायचं. कायद्याने चाल मालकीची असते, कॉर्डची ओळ नाही, त्यामुळे रेकॉर्ड काढताना रॉयल्टीचाही प्रश्न नाही, आणि कोणत्याही गावात कोणत्याही अनोळखी चार वादकांना हा सांगाडा पाठ असतो. ड्यूक एलिंग्टनचं १९४० चं 'कॉटन टेल' यावर आहे. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पीचं 'अँथ्रोपॉलॉजी' यावर आहे, सनी रॉलिन्सचं 'ओलिओ' यावर आहे, आणि लहानपणी कार्टून नेटवर्कवर 'फ्लिंटस्टोन्स' बघितलं असशील तर त्याचं टायटल साँगही यावरच आहे. वरच्या रामबागवाल्या पत्राला हेही उत्तर धरा हवं तर: गर्श्विनने ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी त्याचं गाणं उचललं, त्याचा चेहरा काढून टाकला आणि त्यावर स्वतःचं घर बांधलं, जॅझच्या त्या नव्या धाटणीलाच पुढे बीबॉप म्हटलं गेलं.

एक व्यवहाराची गोष्ट. मूळ गाण्यात शेवटी दोन बार जास्तीचे आहेत, म्हणजे १३६ मात्रा होतात. जॅममध्ये ते कोणी वाजवत नाही. तुमच्यातल्या एकाने मूळ गाणं ऐकून ते दोन बार लावले आणि बाकीच्यांनी नाही, तर दुसऱ्याच फेरीला सगळे भांडायला लागतील. आधीच ठरवून घ्या, ३२ वरच परत फिरायचं. लय मध्यम ठेवा, रेकॉर्डवरच्या स्पीडच्या नादी लागू नका. आणि सुरुवात 'ओलिओ'ने करा, त्याच्या ब्रिजला ठरलेली चाल नाहीये, तिथे ज्याला जे सुचेल ते वाजवायचं असतं.